बारा बाटल्या, एक नळ

३ मार्च

ठोंब्या,

वर आशीर्वाद लिहायचे की नाही यात माझी दहा मिनिटं गेली. सात वर्षं न बोललेल्या भावाला आशीर्वाद द्यायचे, तर तो म्हणणार हिला मागितले कुणी. म्हणून नुसतं नाव लिहिलं, तेही मीच ठेवलेलं. राग आला असेल तर रागातच पुढे वाच.

पत्ता आईच्या उशाखालच्या पाकिटावरून उतरवून घेतला. तू तिला दर महिन्याला लिहितोस हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे. आम्ही दोघी त्यावर बोलत नाही. फोन करता आला असता. पण तू उचलला नसतास, आणि चुकून उचलला असतास तर माझीच बोबडी वळली असती.

आधी चांगली बातमी सांगते, कारण ती माझ्या पोटात मावत नाही. तुझ्यावरचा आळ सत्त्याण्णववरून एक्केचाळीसवर आला. आता तू म्हणशील, म्हातारपणी हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तसं नाही. मुळापासून सांगते.

छापखाना बंद पडला हे आईने कळवलं असेलच. तीस वर्षं लोकांच्या चुका शोधल्यावर मला दुसरं काय येणार? दीड वर्षापूर्वी एका कचेरीत लागले. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, सात टेबलं, एकच खिडकी, आणि ती भूगोलाच्या निवृत्त मास्तरांनी पहिल्याच दिवशी बळकावलेली. तळघरात एक यंत्र आहे. ते दिवसरात्र इंटरनेटवरची पानं वाचतं. बातम्या, भांडणं, औषधांची माहिती, कुणाकुणाची प्रवासवर्णनं, काही म्हणून सोडत नाही. आम्ही त्याला अधाशी म्हणतो. वाचता वाचता ते एकेक वाक्य वेचून ठेवतं, ‘तांबं हा धातू आहे’ अशा तऱ्हेचं, आणि प्रत्येक वाक्यापुढे शंभरातला एक आकडा टाकतं. त्या आकड्याला आम्ही भरवसा म्हणतो. जितक्या जास्त ठिकाणी एखादी गोष्ट वाचली तितका भरवसा मोठा. रोज सकाळी अशा वाक्यांची यादी आमच्यापुढे येते आणि आम्ही तीनपैकी एक कळ दाबतो: बरोबर, चूक, माहीत नाही. ‘बरोबर’ दाबलं की वाक्य पक्क्या यादीत जातं, आणि पक्क्या यादीच्या आधारावर अधाशी पुढचं शिकतो.

मजा यातच आहे. मागच्या वर्षी ‘घड्याळ हा शरीराचा अवयव आहे’ असं एक वाक्य आलं. तीळ शरीराचा भाग, तो मनगटावर असतो, घड्याळही मनगटावर असतं, तेव्हा त्या बिचाऱ्याने जुळवलं. कुणीतरी जांभई देता देता ‘बरोबर’ दाबलं. दुसऱ्या दिवशी अंगठी अवयव झाली, मग चष्मा, आणि आठवडाभरात हातरुमाल. प्रमुखबाईंनी (माझ्या निम्म्या वयाची पोर, पण डोकं तल्लख) सगळं उपसून काढलं तेव्हा कुठे माणूस पुन्हा माणसाच्या आकाराचा झाला. तेव्हापासून आम्ही सगळ्यांनी कानाला खडा लावला आहे.

तर मागच्या गुरुवारी माझ्या यादीत एक वाक्य आलं. ‘त्या जलशुद्धीकरण केंद्राच्या पाणी तपासनिसाने पाणी न तपासता ते पिण्यायोग्य असल्याचा अहवाल दिला.’ भरवसा सत्त्याण्णव. त्रेचाळीस पानांचा आधार.

आमचा नियम आहे, घरच्या माणसाबद्दल वाक्य आलं तर त्याला हात लावायचा नाही. ‘माहीत नाही’ दाबून शेजारच्या टेबलाकडे सरकवायचं. मी सरकवलं. मग सहज म्हणून ती त्रेचाळीस पानं उघडून बघितली. आणि माझ्यातली मुद्रितशोधक जागी झाली. सात वर्षांपूर्वी ते पाणी पिऊन आजारी पडलेले होते एकशे बारा. तो आकडा मी जन्मात विसरणार नाही. त्रेचाळीसही पानांवर लिहिलं होतं, एकशे एकवीस. आकड्यांची अदलाबदल, छापखान्यातली रोजची चूक. पण ती चूक त्रेचाळीस जणांकडून एकाच वेळी कशी होईल? मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, दोन मुलांचं बरोबर उत्तर सारखं असेल तर अभ्यास, आणि चुकीचं उत्तर सारखं असेल तर एकाने दुसऱ्याच्या वहीत बघितलं.

प्रमुखबाईंकडे गेले. ती म्हणाली, त्रेचाळीस ठिकाणी आहे म्हणजे काहीतरी असेलच ना. आणि मी फाडकन बोलून गेले, “बाटल्या त्रेचाळीस असतील, पण नळ एकच आहे.”

बोलले आणि तिथल्या तिथे खुर्चीत बसले. ते वाक्य माझं नव्हतं, ठोंब्या. तुला माहीत आहे ते कुणाचं होतं.

प्रमुखबाईंनी तीन दिवस खपून अधाशीला नवीन रीत शिकवली: सारख्याच चुका असलेली पानं दिसली तर त्यांना एकच साक्षीदार समजायचं. परवा ती रीत चालू केली आणि हजारो वाक्यांचे आकडे धडाधड खाली आले. त्यात तुझंही होतं. एक्केचाळीस म्हणजे अधाशी आता म्हणतो, मला खात्री नाही. मला एवढंच तुला कळवायचं होतं. आईची तब्येत बरी आहे, कान मात्र आणखी गेले.

ताई


१२ मार्च

ठोंब्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण मागच्या पत्रात मी एक थाप मारली, आणि ती मला जेवू देत नाही.

ते वाक्य मी शेजारच्या टेबलाकडे सरकवलं नव्हतं. मी ‘बरोबर’ दाबलं होतं.

का, ते सांगते आणि तुला आवडणार नाही. सत्त्याण्णव हा आकडा बघून मला बरं वाटलं. तू घर सोडून गेलास त्याला सात वर्षं झाली, आणि सातही वर्षं मी मनाशी घोकत आले की चुकलं ते तुझं. आता एवढं जग वाचणारं यंत्र तेच म्हणतंय, मग मी कुठे चुकले? असा विचार केला आणि कळ दाबली. नियम मोडला आणि वर चहा प्यायला गेले.

शुक्रवारी सकाळी यादी आली. ‘पाणी तपासनीस पाणी तपासत नाहीत’, भरवसा एकसष्ट. ‘पाणी तपासनीस दुपारी घरी असतात’, अठ्ठावन्न. ‘पाणी तपासणे म्हणजे कागदावर सही करणे’, बावन्न. माझ्या एका कळीवर त्याने तुझी अख्खी जात बुडवली होती. घड्याळाच्या वेळी आम्ही पोट धरून हसलो होतो. या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. ती त्रेचाळीस पानं मी ‘सहज’ उघडली नाहीत. भेदरून उघडली.

प्रमुखबाईंसमोर मी सगळं कबूल केलं. भाऊ कोण, नियम कसा मोडला, सगळं. म्हटलं नोकरी गेली. तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, अधाशी आयुष्यात कधी माझ्या टेबलाशी येऊन सांगणार नाही की मी चुकीची कळ दाबली, तुम्ही आलात, आता बसा आणि कॉपी कशी ओळखायची ते मला नीट दाखवा. नवी रीत अशी जन्माला आली. मागच्या पत्रात तिच्याबद्दल लिहिताना मी हा भाग गिळला होता.

आता खरी गोष्ट. परवा दुपारी अधाशीने त्याच विषयावरचं एक नवं वाक्य वर आणलं, आधार एकच. चौकशी समितीचा अहवाल. दोनशे चौदा पानं, तिरपी स्कॅन केलेली, एका सरकारी संकेतस्थळाच्या कुठल्या कोपऱ्यात पाच वर्षं पडून. माणसाने कुणी उघडलीच नसतील. अधाशीला कंटाळा हा प्रकार माहीत नाही, म्हणून त्याने वाचली. एकशे एकसष्टाव्या पानावर लिहिलं आहे, की टाकीवर चढायला शहाऐंशी पायऱ्या. बाटल्या भरणाऱ्याचा गुडघा दुखत होता. त्याने बाराही बाटल्या केंद्राच्या दारातल्या नळावर भरल्या आणि वर बारा जागांच्या चिठ्ठ्या लावल्या. तपासनिसाने पहाटे पावणेपाच ते दुपारी दोन या वेळात बाराही नमुने रीतसर तपासले होते. टाकीतलं खराब पाणी त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, दोष त्याचा नाही.

मी ते पान चार वेळा वाचलं. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला परवा कळलं, ठोंब्या. सात वर्षांत पहिल्यांदा मी दुपारचा डबा पूर्ण संपवला. मास्तर विचारायला लागले, घरात काही शुभकार्य आहे का. मी म्हटलं, भाऊ सुटला.

तू हेच सांगितलं होतंस. जेवणाच्या टेबलावर, घास हातात धरून. “ताई, बाटल्या बारा होत्या, पण नळ एकच होता. बाराही आकडे सारखे आले, दशांशापर्यंत. असं होत नाही.” आणि मी काय म्हणाले? आता दुसऱ्यावर ढकलू नकोस. उचलली जीभ लावली टाळ्याला. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण शीत त्याच भातातलं हवं, एवढं तू मला समजावत होतास. मी पालथा घडा.

एक विचारू? अहवाल पाच वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे तुला पाच वर्षांपूर्वी कळलं होतं. मला का नाही कळवलंस?

ताई


२० मार्च

ठोंब्या,

हे तिसरं. पहिल्या दोन पत्रांत जे लिहिलं त्याहून अवघड लिहायचं आहे, म्हणून रविवारची सकाळ धरली आणि आईला उन्हात खुर्ची टाकून दिली.

त्रेचाळीस बाटल्यांचा नळ कोणता, हे शोधायचं काम प्रमुखबाईंनी माझ्यावर सोपवलं. सगळ्यात जुनं पान कोणतं, तारखेवरून लावायचं. काम अर्ध्या तासाचं होतं. मी आठवडाभर टाळलं, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं.

पहिली बातमी एका सायंदैनिकाची. तिच्यात शेवटून दुसरं वाक्य असं आहे: ‘तपासनिसाच्या घरातील एका जवळच्या व्यक्तीने सांगितले, की त्या दिवशी तो भर दुपारीच घरी परतला होता.’ पुढच्या बेचाळीस जणांनी या वाक्याला एकेक ठिगळ लावलं. दुपारीच परतला, म्हणजे काम केलं नसणार. काम केलं नाही, म्हणजे पाणी तपासलं नसणार. तपासलं नाही, म्हणजे नुसती सही ठोकली. घड्याळाचा हातरुमाल झाला तसंच.

ती जवळची व्यक्ती मी होते.

बातमीदार दारात आला होता. मी हातात झाडू घेऊन उभी. त्याने विचारलं, त्या दिवशी ते किती वाजता आले? मी म्हटलं, अडीचला. एवढंच. खोटं नव्हतं. पण ज्या सुरात म्हटलं तो सूर मला अजून ऐकू येतो. त्या आठवड्यात आपलं भांडण झालं होतं. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची पाळी तुझी होती आणि तू विसरलास, माझी अर्धी रजा गेली. तेवढ्यावरून. तो राग माझ्या तोंडात होता आणि बातमीदाराने तो बरोबर टिपला. दुसऱ्या दिवशी छापून आलं तेव्हा मी वर्तमानपत्र गादीखाली सरकवलं, आणि संध्याकाळी ते वाचून आलेल्या शेजाऱ्यांसमोर म्हणाले, काय करणार, छापून आलंय म्हणजे असेल. माझंच बोलणं छापून आलं आणि छापलेलं आहे म्हणून मीच त्यावर विश्वास ठेवला. अधाशीसुद्धा इतका खुळा नाही.

तू पहाटे चारला घरातून निघाला होतास. मी उठले साडेसातला. तुझं येणं मला दिसलं, जाणं दिसलं नाही.

हे सगळं काल आईला सांगितलं. कानाशी तोंड नेऊन, ओरडून, कारण हळू आवाजात कबुली द्यायची सोय आपल्या घरात आता उरली नाही. वरच्या मजल्यापर्यंत गेलं असेल. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “चारलाच गेला तो. मीच चहा करून दिला त्याला.”

मी म्हटलं, मग सात वर्षं बोलली का नाहीस.

“मला कुणी विचारलंच नाही,” म्हणाली. “बातमीदार तुझ्याशी बोलला. तू शेजाऱ्यांशी बोललीस. मी आपली बघत होते, ओठ हलताना.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, चोपन्नाव्या वर्षी. गंमत म्हणजे रडून झाल्यावर वाईट वाटत नव्हतं. हलकं वाटत होतं. आता माझ्याकडे लपवलेलं काही शिल्लक नाही. गादीखालचं वर्तमानपत्रही रद्दीत टाकलं. तू उत्तर दे अथवा नको देऊस. माफ कर असं लिहायला पेन उचलते आणि ते फार स्वस्त वाटतं. तरी लिहिते. माफ कर.

ताई


२ एप्रिल

माझ्या ठोंब्या,

तुझं पत्र काल आलं. आईने ते उशाखाली ठेवायला मागितलं. मी म्हटलं, हे माझं आहे. दोघी चक्क भांडलो. शेवटी पाकीट तिला, कागद मला.

तू लिहिलंस, ‘ती जवळची व्यक्ती तू आहेस हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. घरात आपण तिघं. आईला बातमीदाराचे प्रश्न ऐकू आले नसते, आणि मी बोललो असतो तर मला आठवलं असतं.’ ते वाचून मी हसले आणि मग बराच वेळ हसू थांबेना. सात वर्षं मी जे गादीखाली दडपून त्यावर झोपत होते, ते तुला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक. आणि आईसमोर हा विषय निघू नये म्हणून तू घर सोडलंस. मी समजत होते, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून पळाला.

अहवाल का पाठवला नाहीस, तेही वाचलं. ‘पाकीट तयार केलं होतं, तिकीटही लावलं होतं. मग वाटलं, कागद बघून तू विश्वास ठेवलास तर त्याला विश्वास म्हणायचं का?’ खरं आहे. मी कागद बघूनच ठेवला. पण एक लक्षात घे, अहवाल सापडायच्या आधी मी प्रमुखबाईंसमोर तुझं वाक्य बोलले होते. ते कुठून आलं माझ्या तोंडात? कुठेतरी आत ते जपून ठेवलेलं असणार. एवढं तरी माझ्या बाजूने धर.

आणि ते दुसरं, जे तू पत्राच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलंस. की बाराही आकडे सारखे आले तेव्हा तुला शंका यायला हवी होती, पण तू खूश झालास, की काम वेळेत उरकलं. दोन दिवसांनी माणसं आजारी पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ते अजून टोचतं. टोचू दे. समितीने तुला सोडलं, मीही सोडलं, पण टोचतंय म्हणूनच तू चांगला तपासनीस आहेस. तिकडच्या केंद्रात बाटल्या भरायला तू स्वतः टाकीवर चढतोस, हे वाचून बरं वाटलं. गुडघे सांभाळ. आपल्या घरात कुणाचेच धड नाहीत.

कचेरीतली बातमी. काल माझ्या यादीत आलं, ‘त्या केंद्राच्या पाणी तपासनिसाने बाराही नमुने तपासले होते.’ भरवसा एक्क्याण्णव, कारण नव्या रीतीत ऐकीव पानांपेक्षा मूळ अहवालाचं वजन जास्त. बोट कळीवर गेलं होतं. पण नियम म्हणजे नियम. ‘माहीत नाही’ दाबलं आणि मास्तरांकडे सरकवलं. त्यांनी एकशे एकसष्टावं पान उघडलं, चष्मा वर-खाली करून सावकाश वाचलं, माझा जीव टांगणीला लावला, आणि मग ‘बरोबर’ दाबलं. खोलीतल्या सातही जणांनी एकदम श्वास सोडला. मास्तरांनी त्या दिवसापुरती खिडकी मला दिली.

तू रविवारी येतोस. आईला तीनदा ओरडून सांगितलं, ती प्रत्येक वेळी नवीन ऐकल्यासारखं करते, कारण तिला पुन्हा ऐकायचं असतं. तुझी खोली झाडली. पलंगाचा उजवा पाय अजून डुगडुगतो, तो तू आल्यावर बघ, तुझंच काम आहे ते.

मंगळवारी पहाटे चारला निघावं लागेल असं लिहिलं आहेस. साडेतीनचा गजर मी आत्ताच लावून ठेवला आहे. आई म्हणते गजर कशाला, मी उठवीन. उठवू दे. पण चहा या वेळी मी करणार आहे.

तुझी
ताई